फॉग, हेझ आणि धुकें

कोणत्याहि भाषेचा शब्दकोश चाळून पाहिला तर ती भाषा बोलणाऱ्यांच्या आकाशाचा रंग त्यांत उमटलेला दिसतो. मराठींत पावसाला शब्दांचा तोटा नाहीं. वळीव, झड, सर, भुरभुर, संततधार, मुसळधार हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं सहज येतात, कारण त्याचें पोट पावसावर अवलंबून असतें. इंग्लंड हा देश समुद्रानें वेढलेला, थंड आणि ओलसर आहे. तेथील माणसाला अंधुक हवेची संगत जन्मापासूनची. म्हणून अशा हवेसाठीं इंग्रजींत मिस्ट, फॉग आणि हेझ असे तीन निरनिराळे शब्द रूढ झाले. त्यांपैकीं फॉग हा शब्द कोठून आला, त्याचे अर्थ कसे पसरत गेले आणि एका वेळीं तो अपुरा कां पडला, हा इतिहास भाषेचा असला तरी माणसांच्या श्वासाचा हिशेब त्यांत गुंतलेला आहे. चंद्रपूरजवळील ऊर्जानगरासारख्या वसाहतीला तर त्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. फॉग या शब्दाची व्युत्पत्ति निश्चित नाहीं. कांहीं पंडित तो उत्तरेकडील डॅनिश भाषेंतून आला असें मानतात. त्या भाषेंत अशाच एका शब्दाचा अर्थ उडणारे तुषार किंवा वाऱ्यानें लोटलेलें हिम असा होतो. दुसरा तर्क अधिक गमतीचा आहे. जुन्या इंग्रजींत फॉग म्हणजे गवत. उन्हाळ्यांत कुरण कापून नेल्यावर मागाहून जें लांब, ओलसर गवत उगवतें त्याला उत्तर इंग्लंडांत फॉग म्हणत. अशा गवताची दलदलीची जागा ती फॉगी; पुढें दाट आणि जड अशा कोणत्याहि वस्तूला तें विशेषण लागलें, आणि त्या विशेषणावरून दाट हवेला फॉग हें नाम मिळालें, असें हे पंडित म्हणतात. हवेच्या अर्थानें हें नाम सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिखाणांत दिसूं लागतें.

मिस्ट हा शब्द मात्र पुष्कळ जुना आणि मराठी माणसाला नात्यानें जवळचा आहे. भाषाशास्त्रज्ञांनीं त्याचा संबंध आपल्या मेघ या शब्दाशीं जोडला आहे. एकाच आदिम धातूपासून युरोपांत मिस्ट झाला आणि भारतांत मेघ झाला. एकाच घरांतील दोन भाऊ वेगळे निघावेत, त्यांतील एकानें जमिनीवर राहावें आणि दुसऱ्यानें आकाशांत बिऱ्हाड करावें, तसा हा प्रकार. हेझ हा तिसरा शब्द या तिघांत वयानें लहान. तो मुख्यतः खलाशांच्या बोलींतून आला. हेझी हें विशेषण सतराव्या शतकांत आधीं प्रचारांत आलें आणि हेझ हें नाम त्यामागून आलें.

आजच्या हवामानशास्त्रानें या तिघांच्या हद्दी ठरवून दिल्या आहेत. हवेंतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनून एक हजार मीटरपलीकडील वस्तु दिसेनाशी झाली तर तो फॉग. त्याच थेंबांमुळें दृष्टि मंदावली, परंतु एक हजार मीटरपलीकडेहि दिसत राहिलें, तर तो मिस्ट. थेंब नाहींत, आणि धूळ, धूर, मीठ यांच्या कोरड्या कणांनींच दिशा धूसर झाल्या, तर तो हेझ. म्हणजे फॉग आणि मिस्ट हीं पाण्याचीं अपत्यें. हेझ हें धुळीचें आणि धुराचें.

व्यवहारांत मात्र शब्द शास्त्राच्या कुंपणांत राहत नाहींत. फॉग हा शब्द इंग्रजींत चौफेर हिंडला. छायाचित्रकाराच्या काचेवर नको असलेला प्रकाश पडून चित्र पांढुरकें झालें कीं त्याला तो फॉग म्हणे. जर्मन सेनानी क्लाउझेविट्झ यानें युद्धशास्त्रावरील ग्रंथ लिहिला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं प्रसिद्ध झाला. रणांगणावरील अनिश्चिततेला त्यानें धुक्याची उपमा दिली. तीवरून सैनिकी भाषेंत युद्धाचें धुकें हा वाक्प्रचार रूढ झाला. समुद्रकिनाऱ्यावर जहाजांना सावध करण्यासाठीं जो कर्णकर्कश भोंगा वाजवीत तो फॉगहॉर्न; वाफेवर चालणारा असा भोंगा रॉबर्ट फाउलिस यानें कॅनडांत १८५९ सालीं उभारला. एखादी गोष्ट मुळींच उमगत नसेल तर इंग्रज माणूस आपल्या मनांत तिच्याविषयीं पुसटशी धुकट कल्पनाहि नाहीं असें म्हणतो. बुद्धीला आणि डोळ्याला एकच पडदा आड येतो, हें मानण्यांत पूर्व आणि पश्चिम यांचा मतभेद नाहीं.

या सगळ्या अर्थांमागें एक गोष्ट दडून राहिली. लंडन शहरावर जें दाट, पिवळट आणि घशाला झोंबणारें पटल उतरत असे, त्यालाहि लोक फॉगच म्हणत आले. वास्तविक त्यांतील मोठा भाग कोळशाच्या धुराचा होता. ही तक्रार नवी नव्हती. समुद्रमार्गानें येणाऱ्या कोळशाच्या वापराविरुद्ध पहिल्या एडवर्ड राजानें चौदाव्या शतकाच्या आरंभींच आज्ञा काढली होती. १६६१ सालीं जॉन ईव्हलिन या गृहस्थानें लंडनच्या धुरावर स्वतंत्र पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केली. परंतु थंडीच्या दिवसांत घरोघर शेकोटी पेटणारच, आणि कारखान्यांचीं धुराडीं तर राष्ट्राच्या वैभवाचीं निशाणें. तेव्हां आज्ञा कागदावर राहिल्या आणि धूर हवेंत राहिला.

लोकांनीं या संकटाशीं सलगीच केली. त्याला त्यांनीं वाटाण्याच्या सारासारखा दाट म्हणून पी-सूपर हें नांव दिलें; मदिरा नांवाच्या मद्याच्या एका प्रकारावरून लंडन पर्टिक्युलर असेंहि म्हटलें. चार्लस डिकन्स यानें १८५२ सालीं सुरू झालेल्या आपल्या ब्लीक हाउस या कादंबरीच्या आरंभींच लंडनवर फॉग पसरलेला दाखविला, आणि न्यायालयाच्या रेंगाळलेल्या कारभाराला त्याचीच उपमा दिली. ज्या वस्तूला लाडकें नांव मिळतें तिच्यावर कोणी खटला भरीत नाहीं. फॉग म्हटला कीं तो देवाघरचा. ऋतु पालटला कीं जाईल, असें समाधान मानून लोक खोकत राहिले.

शास्त्रज्ञांनीं मात्र चौकशी चालविली होती. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील जॉन एटकिन यानें साध्या प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, बाष्पाचा थेंब बनावयास हवेंत एखादा कण आधार म्हणून लागतो. हवा गाळून कणरहित केली तर नेहमींच्या थंडाव्यांत धुकें बनत नाहीं. जितके कण अधिक तितके थेंब अधिक, आणि पडदा तितका दाट. शहराच्या धुक्यांत शहराचा धूर केवळ मिसळत नाहीं, तर तें धुकें घडविण्यासहि तो हातभार लावतो, असा याचा अर्थ झाला.

शेवटीं शब्दानेंच कोंडी फोडली. १९०५ सालीं लंडन येथें भरलेल्या आरोग्यविषयक परिषदेंत डॉ. हेन्री आंत्वान डे व्हो यांनीं फॉग आणि धूर या विषयावर निबंध वाचला. कोळशाच्या धुराचें निवारण व्हावें म्हणून स्थापन झालेल्या संस्थेचे ते कोषाध्यक्ष होते. खेड्यावर पडतें तें धुकें निराळें आणि लंडनवर पडतें तें निराळें, हें लोकांच्या मनावर ठसविण्यासाठीं त्यांनीं स्मोक आणि फॉग हे दोन शब्द सांधून स्मॉग असा शब्द पुढें मांडला. अशा सांधीव शब्दांना लुई कॅरोल यानें १८७१ सालच्या आपल्या बालकथेंत दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची उपमा दिली होती. त्या पेटीच्या एका कप्प्यांत निसर्ग होता आणि दुसऱ्यांत माणूस. १९०९ सालीं ग्लासगो भागांत अशा हवेमुळें एक हजारावर माणसें दगावलीं, हें डॉ. डे व्हो यांनीं पुढें १९११ सालच्या अहवालांत मांडलें, आणि नवा शब्द त्या भयंकर आंकड्यासह देशभर पसरला.

त्याच १९०५ सालीं बंगाल्यांत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. मुंबई इलाख्यांत तसा कायदा १९१२ सालीं आला. मुंबईच्या गिरण्यांचीं धुराडीं त्याच्या कक्षेंत येत. या दोन्ही कायद्यांच्या नांवांत धूर हा शब्द स्पष्ट आहे. कायदा करणारास धुक्यावर दंड बसवितां येत नाहीं. धुरावर बसवितां येतो.

तरीहि शब्द मिळाला म्हणजे उपाय मिळाला असें होत नाहीं. १९३० सालच्या डिसेंबरांत बेल्जममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यांत सुमारें साठ माणसें अशा हवेनें मेलीं. १९४८ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील डोनोरा या लहान गांवीं वीस मृत्यु झाले. आणि १९५२ सालच्या डिसेंबरच्या ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडनवर जो पडदा पडला त्यानें सगळ्यांवर कडी केली. वारा पडला होता, थंडी कडक होती, आणि थंड हवेवर उबदार हवेचा थर झांकणासारखा बसला होता. प्रदर्शनासाठीं आणलेलीं जनावरें गुदमरून मेलीं. एका नाट्यगृहांत धूर शिरल्यामुळें प्रेक्षकांना रंगमंच दिसेना आणि प्रयोग थांबवावा लागला. सुमारें चार हजार माणसें या हवेनें मृत्युमुखीं पडलीं असा अंदाज प्रथम झाला. त्यानंतरच्या महिन्यांतील मृत्यूंचें खापर सरकारनें इन्फ्लुएंझाच्या सांथीवर फोडलें. पन्नास वर्षांनीं संशोधकांनीं तो हिशेब पुन्हां तपासला, तेव्हां एकूण मृत्यु बारा हजारांच्या घरांत गेले. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूररहित विभाग आंखले गेले, आणि पुढील कांहीं दशकांत लंडनचें तें पिवळें पटल इतिहासजमा झालें. शतकानुशतकें जें देवाघरचें म्हणून सोसलें तें माणसाच्याच हातचें होतें, याहून वेगळा पुरावा कशास हवा?

पूर्वेकडे हेझ या शब्दाचें निराळेंच राजकारण झालें. इंडोनेशियांतील रानें आणि दलदलीची जमीन जाळल्यामुळें उठणारा धूर वाऱ्यानें सिंगापूर आणि मलेशिया येथपर्यंत पोंचतो. १९९७ सालीं त्या प्रदेशांत महिनोन् महिने सूर्य लालसर आणि निस्तेज दिसत होता. पुढें २००२ सालीं तेथील राष्ट्रांनीं करार केला. त्याच्या नांवांत धूर हा शब्द नाहीं, सीमा ओलांडणारा हेझ असा शब्दप्रयोग आहे. शेजाऱ्याला तुझा धूर आमच्या घरांत येतो असें म्हणणें कठीण. हवा जरा धूसर आहे असें म्हणणें सोपें. ज्या इंडोनेशियांत आग लागत असे त्या देशानें या कराराला मान्यता दिली ती २०१४ सालीं.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. संस्कृतांत नीहार हा धुक्याचा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. महाभारतांतील व्यासजन्माच्या कथेंत पराशर ऋषि यमुनेवर नीहार उत्पन्न करतात आणि दोन्ही तीर दृष्टीआड होतात. आकाशांतील तेजाच्या अंधुक पटलास नीहारिका म्हणतात तेंहि याच शब्दावरून. संस्कृतांत धुक्याला धूमिका असाहि एक शब्द आहे, आणि त्यांत धूम म्हणजे धूर उघड दिसतो. मराठींत धूर, धुकें, धुरळा, धूसर हे शब्द एकामागून एक उच्चारले तर कानाला ते एकाच कुळांतले वाटतात. शाळेंत इंग्रजी शिकवितांना मिस्ट आणि फॉग या दोहोंनाहि धुकें हा एकच प्रतिशब्द दिला जातो. लोकभाषा मात्र इतकी दरिद्री नाहीं. कोंकणांतला बागायतदार आंब्याच्या मोहोरावर उतरणाऱ्या धुईला भितो. विदर्भांतला शेतकरी धुवारी म्हणतो. तूर फुलावर आली असतां धुवारी पडली कीं फूल गळतें, हें त्याला पुस्तक न वाचतां ठाऊक असतें. पिकाला काय बाधतें यावरून त्यानें नांवें ठेवलीं. माणसाच्या छातीला काय बाधतें यावरून नांव ठेवण्याची वेळ त्याच्यावर पूर्वीं आली नव्हती.

ती वेळ चंद्रपूरच्या परिसरांत आली. हा प्रदेश म्हणजे पूर्वींचा चांदा जिल्हा. इरई आणि झरपट या नद्यांच्या कांठीं वसलेलें गोंड राजांचें परकोटाचें शहर, भोंवतालीं सागवान, बांबू, मोह आणि तेंदू यांचें रान, आणि जमिनीखालीं दगडी कोळसा. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकांतच सुरू झाली होती. १९८२ सालीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, आणि लगेच पुढील १९८३ सालीं दुर्गापूरजवळ महाऔष्णिक विद्युत् केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच चालूं झाला. त्या केंद्राच्या कामगारांची आणि अधिकाऱ्यांची वसाहत ती ऊर्जानगर. इरई नदीवर धरण बांधून केंद्राला पाणी दिलें गेलें; कोळसा शेजारच्या खाणींतून आला. संच वाढत गेले. २०१६ सालीं ५०० मेगावॅटचे शेवटचे दोन संच चालूं झाले, पहिले दोन जुने संच निवृत्त झाले, आणि केंद्राची शक्ति २,९२० मेगावॅट राहिली. येथील वीज मुंबईजवळील पडघ्यापर्यंत सातशें पन्नास किलोमीटरहून लांब तारांवरून जाते. दिवा तेथें लागतो. राख येथें राहते.

ऊर्जानगराहून ताडोब्याच्या रानाकडे जाणारा रस्ता हिवाळ्याच्या सकाळीं पांढुरका दिसतो. या पांढुरकेपणांत तिन्ही इंग्रजी शब्द एकत्र नांदतात. इरईच्या जलाशयावरून उठणारें बाष्प हें खरें धुकें. सूर्य वर आला कीं तें विरतें. शेगड्यांचा धूर, कोळसा वाहणाऱ्या मालमोटारींनीं उडविलेली धूळ आणि पेटविलेला कचरा यांचे कण थंड हवेच्या झांकणाखालीं अडकून त्या बाष्पाशीं मिसळतात. तें झालें स्मॉग. उंच धुराड्यांतला धूर पुष्कळदां त्या झांकणाच्या वर राहतो. परंतु ऊन तापून झांकण मोडूं लागलें कीं वरची हवा खालीं घुसळली जाते, आणि तो धूर जमिनीपर्यंत उतरतो. म्हणून धुकें फिटलें असें वाटतें त्याच वेळीं श्वास जड होऊं शकतो. पुढें फाल्गुन-चैत्रांत मोहफूल वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनहि रान जाळलें जातें. त्या वणव्यांचा कोरडा धूसरपणा गडचिरोलीच्या डोंगरांवर दिवसेंदिवस रेंगाळतो. तो हेझ.

येथील कोळसा लंडनच्या कोळशाहून वेगळा आहे. त्यांत गंधक थोडें, पण राख फार. शंभर भागांत तीस-चाळीस भाग राखच. विजेच्या भारानें राख पकडणारीं यंत्रें धुराड्यांपूर्वीं बसवितात, तरीहि अत्यंत सूक्ष्म कण निसटतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण छातीच्या तळापर्यंत जातो. माणसाचा केंस त्याच्या वीसपटींहून जाड असतो. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांची तपासणी करून गुण दिले, तेव्हां चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि तें देशांत चौथें आलें. शाळेंत असे गुण मिळाले तर पेढे वाटतात. येथें नवीन उद्योगांच्या परवानग्या कांहीं काळ थांबविल्या गेल्या. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमांतहि चंद्रपूरचें नांव आहे.

अशा ठिकाणीं शब्दाची निवड ही व्याकरणाची बाब राहत नाहीं. सकाळीं मुलानें खिडकींतून पाहून धुकें पडलें म्हटलें, आणि आईनें त्याला कानटोपी घालून शाळेंत पाठविलें, तर दोघांचीहि चूक नाहीं. भाषेनें त्यांना तोच शब्द दिला आहे. परंतु धुक्याला उपाय कानटोपीचा, धुराला उपाय निराळा. धुक्याबद्दल कोणास जाब विचारतां येत नाहीं. धुराबद्दल विचारतां येतो, आणि त्यांत कारखान्याप्रमाणेंच वाहतुकीचा, कचरा जाळणाऱ्याचा आणि वणवा लावणाऱ्याचाहि वांटा निघतो. ज्याच्या चुलीवर विजेचा दिवा लोंबतो त्या प्रत्येकाचाहि थोडा निघतो, हें विसरून चालणार नाहीं. हजारों कुटुंबांची भाकरी याच केंद्रावर आहे. तें बंद करा म्हणणें सोपें, पण न्यायाचें नाहीं. हवेचें खरें नांव घेणें मात्र न्यायाचेंच आहे.

मराठी वृत्तपत्रांनीं अलीकडे त्यासाठीं धुरकें हा शब्द रूढ केला आहे. मुंबईच्या हिवाळ्यांतील मळकट हवेच्या बातम्यांमुळें तो घरोघर पोंचला. डॉ. डे व्हो यांनीं दोन शब्द सांधले तसे येथेंहि धूर आणि धुकें सांधले गेले. आणि मराठीचें भाग्य असें कीं तो सांधा मुळींच दिसत नाहीं, शब्द जन्मजात वाटतो. धुईनें मोहोर करपतो, धुवारीनें तूर गळते, आणि धुरक्यानें छाती भरते. तिन्ही शब्द शेजारीं ठेवून चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांतून मुलांना शिकवावेत. जें मूल हे तीन शब्द वेगळे ओळखील, तें मोठेपणीं आकाशाकडे पाहून उगाच निसर्गाला दोष देणार नाहीं, आणि ज्याचा दोष असेल त्याला निसर्गाच्या पदराआड लपूंहि देणार नाहीं.